झिराडचं घर, बारा मिनिटांत

“‘घर झाडलं नाही’ एवढंच लिहू?” एलूनं विचारलं.

“मग काय लिहिणार?”

“हिब्रूत नुसतं एवढंच म्हटलं तर बाई आळशी वाटते. माझी आई आळशी नव्हती.”

आम्ही त्यांच्या इमारतीच्या जिन्यात बसलो होतो. वर घरात दाऊदकाका तालीम करत होते आणि त्यांच्या आवाजापुढे दुसऱ्या माणसाला विचार करणं शक्य नसे. एलू त्यांचा एकुलता मुलगा. त्याच्या मांडीवर पुठ्ठ्याची कार्डं होती, एका कार्डावर एक वाक्य. काकांनी मराठीत एक वाक्य म्हणायचं, थांबायचं आणि एलूनं तेच लोकांना हिब्रूत सांगायचं, असं ठरलं होतं.

“मग कारण पण सांगू या,” मी म्हटलं. “आपल्याकडे माणूस गावाला निघाला की त्याच्या पाठोपाठ केर काढत नाहीत. काढला तर तो माघारी येत नाही म्हणतात. शेगुलामावशींना परत यायचं होतं, म्हणून त्यांनी निघताना घर तसंच ठेवलं.”

एलू लिहिता लिहिता थांबला.

“पोहे सांडले होते,” तो म्हणाला. “वाटेत खायला बांधून घेताना. मी उचलायला वाकलो तर आईनं माझा हात धरला. राहू दे, म्हणाली. मला वाटलं होतं, विमान चुकेल म्हणून म्हणते.”

त्यानं कार्डावर सगळं लिहून काढलं, कारणासकट. मग बाहीनं डोळे पुसले. मी बघितलंच नाही असं दाखवून पुढचं कार्ड त्याच्या हातात दिलं. त्या जिन्यात, त्या घटकेला मला तो इतका आवडला होता की आज पासष्टीला आले तरी ते नाकबूल करणार नाही.

ही एकोणीसशे एकोणऐंशीची गोष्ट. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले ज्यू. घरात बोलायला मराठी, शुक्रवारच्या जेवणात नारळाचं दूध, आणि आडनावं सगळी अलिबाग-पेण-रोह्याकडच्या गावांची. काकांचं आडनाव झिराडकर. अकरा वर्षांपूर्वी आमची दोन्ही कुटुंबं एकाच विमानानं इस्राएलला आली आणि वाळवंटाच्या तोंडावरच्या एका नव्या गावात शेजारीशेजारी येऊन पडली. तेव्हा मी आठ वर्षांची होते, एलू तेराचा. शेगुलामावशी, म्हणजे एलूची आई, दोन वर्षांत गेल्या. काका कापडाच्या गिरणीत सहा ते दोनच्या पाळीला लागले ते लागलेच.

पण दाऊदकाका मुळात गिरणीवाले नव्हते. ते कीर्तनकार होते. आमच्यात मराठीतून कीर्तनं होत. आख्यान योसेफाचं, रूथचं नाहीतर दाविदाचं, चाली मात्र कोकणातल्या. काका उभे राहिले की ठाण्यापासून रेवदंड्यापर्यंतची माणसं यायची, असं माझे वडील सांगायचे. इथे आल्यावर ऐकायला उरली आमची अठ्ठावीस घरं, तीही कुणाकडे मलिद्याचा नवस असला तर. पोहे, गूळ, खोबरं कालवून एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याच्या नावानं ताट भरायचं, आणि त्यानंतर काकांनी अर्धा तास उभं राहायचं. ऐकणारे निम्मे पेंगत. मी बारा वर्षांची असल्यापासून काकांच्या मागे पेटी वाजवत होते.

त्या वर्षी गावच्या संस्कृती केंद्रात एक नव्या अधिकारी बाई आल्या, ओरा नावाच्या. हुशार, उत्साही, सारखी कुठेतरी निघालेली बाई. तिनं फलक लावला: ‘मागे राहिलेलं घर’. परदेशातून आलेल्या कलावंतांचा कार्यक्रम. रुमानियाचा एक व्हायोलिनवाला, मोरोक्कोच्या गाणाऱ्या बायका, जॉर्जियाचे नाचणारे आणि भारताचे आम्ही. प्रत्येकाला बारा मिनिटं.

“बारा मिनिटांत तर माझं नमनसुद्धा होत नाही,” काका म्हणाले. पण चेहरा असा फुलला होता की मला हसू आवरेना. अकरा वर्षांत पहिल्यांदा आमच्या अठ्ठावीस घरांबाहेरच्या कुणीतरी त्यांना उभं राहायला सांगितलं होतं.

त्यांनी योसेफाचं आख्यान घ्यावं असं मी सुचवलं. लोकांना गोष्ट माहीत असते, समजायला सोपं जाईल.

“योसेफाचं त्यांच्याकडेही आहे गो,” ते म्हणाले. “त्यांच्याकडे झिराड नाही.”

आणि त्यांनी नवं आख्यान रचलं, स्वतःच्या घराचं. झिराडला त्यांच्या वडिलांचा तेलाचा घाणा होता. आमच्या लोकांचे घाणे तेव्हा जवळजवळ संपले होते, पण म्हाताऱ्यानं हट्टानं शेवटपर्यंत चालवला. देश सोडायचं ठरल्यावर घाणा मोडून विकला आणि बैलाला शेजारच्या म्हात्र्यांच्या हवाली केलं. मग तिकिटं आली, मावशींनी घर न झाडता दार ओढून घेतलं, एवढीच गोष्ट. त्यात ना राजा ना चमत्कार. पण काकांनी ती पहिल्यांदा म्हणून दाखवली तेव्हा माझं बोट पट्टीवरच राहिलं आणि पेटी नुसती एका सुरात कण्हत बसली.

“जमलंय का?” त्यांनी विचारलं. “खरं सांग. तोंडदेखलं नको.”

“जमलंय काका.”

“गिरणीतले पण येणार आहेत म्हणे. आमचा मुकादम येतोय बायकोला घेऊन. त्याला वाटतं मी जन्मापासून ताण्याचे धागेच जोडत आलोय.” मग जरा थांबून म्हणाले, “एकदा त्यांना कळू दे, दाऊद कोण होता. मग परत धागे जोडायला माझी ना नाही.”

एवढंच त्यांना हवं होतं आणि ते एलूच्या हातात होतं, कारण गावाला मराठी येत नव्हती. मला त्याची काळजी वाटली नाही. एलू बोलण्यात पटाईत. लष्करातली तीन वर्षं संपवून आला होता, केंद्रात खुर्च्या मांडायचं, माईक लावायचं काम करायचा आणि कुणाचीही नक्कल करून पाच मिनिटांत माणसं लोळवायचा. आमचं दोघांचं जमल्यात जमा होतं. माझ्या आईनं बांगड्या घेऊन ठेवल्या होत्या. तीन आठवडे आम्ही त्या जिन्यात बसून बावीस कार्डं केली. ‘घाणा’ला काय म्हणायचं, ‘अंगण’ कसं सांगायचं, यावर भांडलो, समेट केला, पुन्हा भांडलो. एवढं सुख मला पुढे लग्नातही झालं नाही.

कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी, मंगळवारी, ओरानं एलूला बोलावून घेतलं. तासाभरानं तो परत आला.

“काय म्हणाली?”

“काही नाही. माईकचं.”

“एवढा वेळ?”

“मिलका, प्रत्येक गोष्टीचा पंचनामा करू नकोस ना.”

मी केला नाही. मला माझ्या साडीची पडली होती. ओराबाईंनी मला ‘काहीतरी घुंगरांचं’ घालायला सांगितलं होतं. मी आईची हिरवी इरकल काढली आणि घुंगरांबद्दल बहिरी झाले.

गुरुवारी संध्याकाळी पाचला सभागृह भरलं. तीनशे खुर्च्या एलूनं स्वतः मांडल्या होत्या, तरी मागे माणसं उभी होती. काकांनी पांढरं धोतर, लांब काळा कोट आणि डोक्यावर टोपी घातली होती. गळ्यात उपरणं, हातात झांज. मुकादम तिसऱ्या रांगेत बसला होता. काकांनी मला तो डोळ्यांनी दाखवला.

आमच्या आधी रुमानियाचा व्हायोलिनवाला झाला. म्हातारा एक अक्षर बोलला नाही. नुसतं वाजवलं आणि खाली बसलेली माणसं रडली. बायका पर्समधून रुमाल काढत होत्या. मला बरं वाटलं. म्हटलं, ही ऐकणारी माणसं आहेत, काकांचं चीज होणार.

आम्ही वर गेलो. मी बाजूला पेटी घेऊन बसले, काका मध्ये, त्यांच्या उजव्या हाताला माईकपाशी एलू, कार्डं हातात घेऊन. मी सूर दिला. काकांनी झांज वाजवून स्वतःची साकी उचलली:

“देव आमुचा वाटेवरचा, चाले पुढती पुढती,
मागे उरले दार मोकळे, मागे उरली माती.”

आवाज असा लागला होता की मागे उभे असलेले लोक पुढे सरकले. एलूनं कार्डावर बघून त्या दोन ओळी सांगितल्या, जशा लिहिल्या होत्या तशाच. सभागृह शांत होतं. मी काकांकडे बघून मान हलवली.

मग काका गद्यात म्हणाले, “माझ्या वडिलांचा तेलाचा घाणा होता. आम्ही शनिवार पाळायचो, त्या दिवशी घाणा बंद. म्हणून गाव आम्हाला शनवार तेली म्हणायचं.”

एलूनं कार्डं कोटाच्या खिशात ठेवली.

“हे माझे वडील,” तो हिब्रूत म्हणाला. “यांचे वडील तेल काढायचे. शनिवारी काम बंद. आणि आजोबांना मी ओळखत होतो, त्यामुळे सांगतो, बाकीचे दिवसही तसं फारसं नव्हतं.”

लोक हसले. छोटासाच हशा. मला वाटलं, गडबडला असेल, कार्ड सापडलं नसेल, वेळ मारून नेली असेल. मी वाजवत राहिले.

काका पुढे म्हणाले, “घाणा मोडला. बैलाच्या डोळ्यांवरची झापडं काढली. तरी तो आठ दिवस अंगणात गोल गोल फिरत होता. घाणा नाही, जू नाही, कुणी हाकत नाही, आणि हा फिरतोय. मी त्याच्या गळ्यात हात टाकून म्हटलं, बाबा, थांब, संपलं आपलं.”

हे म्हणताना ते नेहमी जरा थांबत. त्या दिवशीही थांबले आणि ध्रुपदासाठी माझ्याकडे वळले.

एलू माईकजवळ वाकला. “आमचा एक बैल होता,” तो म्हणाला. “डोळे झाकले की गोल फिरायचा. डोळे उघडले तरी गोलच फिरायचा. त्याला तिथेच सोडून यावं लागलं. पण त्याचं काम अडलेलं नाही, ते इथे बाबा बघतात. रोज सहा ते दोन, गिरणीत.”

सभागृह फुटलं. मुकादम मांडीवर हात मारत होता. मी मान खाली घातली आणि पट्ट्यांकडे बघत ध्रुपद वाजवलं.

त्यानंतर जे चाललं ते मी कानांनी ऐकत होते आणि हातांनी साथ देत होते. काका मराठीत एक सांगत, एलू हिब्रूत दुसरंच. जिथे काकांचा आवाज कापे तिथे लोक हसत. काकांना वाटत असणार, लोकांना फार आवडतंय, असं मी स्वतःला समजावलं. अकरा वर्षं झाली तरी त्यांचं हिब्रू म्हणजे दुकानात पाव मागण्यापुरतं, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो. ते चौकातल्या बाकावरही मराठी बोलणाऱ्यांतच बसायचे.

कीर्तनात एक रीत असते. पेटी चालू आहे तोवर कीर्तनकार थांबत नाही. कुणाला भोवळ आली, घरात काही झालं, तर पेटीवाल्यानं भाता सोडायचा. सूर तुटला की कीर्तनकार तिथल्या तिथे गप्प होतो, काय झालं ते मग विचारतो. हे मला काकांनीच शिकवलं होतं. माझा डावा हात भात्यावर होता. मला फक्त तो उचलायचा होता.

मी उचलला नाही. तीनशे माणसं, दिव्यांचा झोत, आईची इरकल, पहिल्या रांगेत ओराबाई टाळ्या वाजवतायत. मला धैर्य झालं नाही, एवढंच खरं.

मग शेवट आला. काकांनी झांज खाली ठेवली.

“माझ्या बायकोनं त्या दिवशी घर झाडलं नाही,” ते म्हणाले. “मागे केर काढला तर माणूस परत येत नाही, म्हणाली. जमिनीवर पोहे सांडले होते, तेही तिनं उचलू दिले नाहीत. ती परत गेली नाही. इथेच, या गावच्या मातीत निजली. पण झिराडला आमचं घर अजून झाडायचं राहिलंय.”

त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. मी एलूकडे बघितलं. मनात म्हणत होते, हे नको. बाकी सगळं केलंस, हे नको करूस.

एलूनं एक क्षण वेळ घेतला. मग म्हणाला, “आणि माझी आई. आई इतकी आळशी, इतकी आळशी की तिकिटं महिनाभर आधी हातात होती, तरी निघायच्या दिवसापर्यंत घर झाडून झालं नाही. बाबा अजून त्यावरून रडतात.”

असा हशा मी त्या सभागृहात आधी ऐकला नव्हता, नंतरही नाही. लोक उठून उभे राहिले. ओराबाई धावत वर आल्या, काकांना मिठी मारली. मुकादमानं वर येऊन त्यांच्या पाठीवर थाप दिली. काका सगळ्यांना हात जोडत होते. मी पेटीचं झाकण लावलं आणि मागच्या दारानं घरी गेले.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, मी केंद्रात गेले. एलू खुर्च्या एकावर एक रचत होता.

“आलीस?” तो म्हणाला. “मला वाटलंच.”

“का केलंस?”

“लोकांना आवडलं की नाही ते सांग.”

“मी काय विचारलं?”

त्यानं खुर्ची खाली ठेवली. “मंगळवारी ओरा म्हणाली, हा कार्यक्रम आणखी आठ गावांत न्यायचाय. निवेदक हवा, कायमचा. केंद्राच्या नोकरीत. पण माणूस असा हवा की त्यानं सभागृह हसतं ठेवलं पाहिजे. गेल्या वर्षी म्हणे म्हाताऱ्यांनी रडगाणी गायली आणि लोक उठून गेले.”

“काल व्हायोलिनला रडलेच की सगळे.”

“त्यांचं व्हायोलिन आहे मिलका. आपला बैल आहे.” हे तो हसून म्हणाला नाही. “लष्करात तीन वर्षं मला सगळे काय म्हणायचे ठाऊक आहे? हत्तीवाला. त्यांनी हसायच्या आधी आपणच हसवायचं, हे मी तिथे शिकलो. काल पहिल्यांदा त्याचा उपयोग झाला. चोवीस वर्षांचा आहे मी, अजून खुर्च्या लावतोय.”

“आणि जिन्यात रडलास ते?”

“ते खरं होतं.”

“तुझ्या आईला आळशी म्हणालास.”

“ती ऐकायला होती कुठे? आणि बाबांना काय कळतंय? रात्री कसे खुशीत होते. त्यांना वाटतंय त्यांनी मैदान मारलं. त्यांचं सुख तुला बघवत नाही का?”

मी त्याला तिथल्या तिथे सांगितलं की आईला बांगड्या परत करायला सांगते. तो पुन्हा खुर्च्या रचायला लागला. मी रडत बाहेर आले. माझा राग इतका स्वच्छ होता की त्याचा मला आधार वाटत होता. त्यानं बापाला विकलं होतं, आईला विकलं होतं आणि जिन्यातले आमचे तीन आठवडेही त्याच भावात काढले होते. पण आठ गावांत काकांचं असंच हसं होणार, ते तरी थांबवायला हवं होतं. मी तडक त्यांच्याकडे गेले.

शुक्रवार म्हणून गिरणी लवकर सुटली होती. काका स्वयंपाकघरात विळीवर नारळ खवत बसले होते. मावशी गेल्यापासून शुक्रवारचं तेच करायचे.

“बस,” ते म्हणाले. “चहा घेतेस?”

“काका, मला तुम्हाला एक सांगायचंय. कालचं. एलूनं जे सांगितलं ना, लोकांना...”

“बैलाचं?”

मी समोरच्या स्टुलावर टेकले.

“बैल आणि आळशी,” ते खोबरं खाली लोटत म्हणाले. “अकरा वर्षं मुकादमाच्या हाताखाली आहे मी. हे दोन शब्द मला पहिल्या आठवड्यात शिकवलेत त्यांनी. बाकीचंही कळतं. बोलता येत नाही चटचट, म्हणून बोलत नाही.”

“म्हणजे सगळं कळत होतं तुम्हाला? आणि तरी तुम्ही...”

“काय करायचं होतं? भर सभेत पोराला थोबाडीत मारायची होती?”

“मग आता आठ गावांना नाही म्हणा. मी येते ओराबाईंकडे, मी सांगते त्यांना.”

“जाणार आहे मी.”

माझा विश्वास बसेना. “कळत असून?”

“एलूला नोकरी लागतेय. त्याला चार माणसांत बसायचंय, त्याला माझी लाज वाटते, हे काय काल कळलं मला? तो पंधरा वर्षांचा होता तेव्हापासून बघतोय. आपलं पोर आहे. त्याचं मी बघून घेईन.” त्यांनी नारळाची दुसरी वाटी उचलली. “शेगुलेचं मी आता म्हणणार नाही, एवढंच. तेवढं माझ्याकडे राहू दे.”

मला रडू आवरेना. म्हटलं, “मी असेन ना काका. आता मी अशी गप्प बसायची नाही. तो काही बोलला की मी भाता सोडीन.”

“पेटीला तू नकोस,” ते म्हणाले. “बेअरशेव्याचा एक माणूस आहे, त्याला विचारलंय.”

“काल थांबवली नाही म्हणून?”

“ते जाऊ दे. थांबायचं तर मलाही थांबता आलं असतं. तोंड माझंच होतं.”

“मग काय झालं?”

त्यांनी खवणं थांबवलं, पण माझ्याकडे बघितलं नाही.

“बैलाचं तो बोलला तेव्हा मी तुझ्याकडे वळलो होतो,” ते म्हणाले. “मला वाटलं, सगळ्या सभेत एक तरी माणूस आपलं आहे, त्याचं तोंड बघावं. तू हसत होतीस गो.”

“नाही काका.”

“हसत होतीस. मग मान खाली घातलीस.”

मी पुन्हा नाही म्हटलं. शपथ घेते म्हटलं. त्यांनी खोबऱ्याचं ताट उचलून ओट्यावर ठेवलं, हात धुतले आणि म्हणाले, दिवे लावायची वेळ होईल, घरी आई वाट बघत असेल.

ही हकीगत मी आजवर पुष्कळांना सांगितली आहे. नवऱ्याला सांगितली, दोन्ही मुलींना सांगितली. एकदा ओळखीतल्या एका लग्नात एलूच्या बायकोसमोरही सांगितली. एलूनं बापाला कसं विकलं, आईला कसं विकलं. ऐकणारे हळहळतात, मला जवळ घेतात. मी कार्यक्रमावरून थेट केंद्रातल्या खुर्च्यांवर येते आणि तिथेच संपवते. स्वयंपाकघरात कधी कुणाला नेलं नाही.

काका खोटं बोलले नव्हते. एलूनं ते फार छान सांगितलं होतं. बैल, बाबा, सहा ते दोन. सभागृहातल्या तीनशे माणसांना ते समजायला एखादा क्षण लागला. मला बैल माहीत होता, काकाही माहीत होते. मला ते सगळ्यांच्या आधी कळलं, आणि सगळ्यांच्या आधी मी हसले.